भोरड्यांच्या थव्याला म्होरक्या असतो का?

मागच्या अंकात उजनीच्या बॅकवॉटरला संध्याकाळी बघितलेल्या भोरड्यांच्या थव्याबद्दल मी थोडंसं लिहिलं होतं, की हजारो पक्षी एका अंगानं वळतात आणि हे कॉम्प्युटरवर मॉडेल करून समजून घेता येतं. बास, तेवढंच. त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत, त्याबद्दल रागावू नका.

प्रश्न : आमच्या ज्वारीवर दरवर्षी भोरड्या पडतात. गोफण फिरवली की सगळा थवा एका झटक्यात उठतो, डावीकडे जातो, लगेच उजवीकडे, आणि एक पाखरू दुसऱ्याला धडकत नाही. यांच्यात म्होरक्या असतो का? नसेल तर वळायचं कधी हे सगळ्यांना एकदम कसं कळतं? (एक शेतकरी, इंदापूर)

उत्तर : म्होरक्या नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण निम्मी पत्रं याच प्रश्नाची आहेत. आणि हे तुम्हाला गूढ वाटत असेल तर त्यात नवल काहीच नाही. इंग्लंडमध्ये एडमंड सेलूस नावाचे पक्षीनिरीक्षक होते, वर्षानुवर्षं तासन् तास उभं राहून थव्यांच्या नोंदी करणारे, त्यांनीसुद्धा 1931 साली असं मांडलं की या पक्ष्यांचे विचार एकमेकांपर्यंत थेट पोचत असले पाहिजेत. म्हणजे टेलिपथीच की. डोळ्यांनी जे दिसत होतं त्याला दुसरं उत्तर द्यायचं साधनच त्यांच्याकडे नव्हतं.

ते साधन आलं 1986-87 च्या सुमारास आणि तेही पक्षीशास्त्रातून नाही, कॉम्प्युटर ग्राफिक्समधून. क्रेग रेनॉल्ड्स यांनी स्क्रीनवर काही ठिपके सोडले आणि प्रत्येक ठिपक्याला तीनच नियम दिले. शेजाऱ्याला खेटू नकोस, आजूबाजूचे जिकडे तोंड करून चाललेत तिकडे तोंड ठेव, आणि जवळच्या घोळक्यापासून फार लांब पडू नकोस. कुणालाच सगळा थवा दिसत नाही, कुणी कुणाला हुकूम देत नाही, तरी स्क्रीनवर थवा तयार होतो, खांबाला वळसा घालताना दोन होतो आणि पुढं जाऊन परत एक होतो. मग 1995 मध्ये हंगेरीचे तमाश विचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून सोपं मॉडेल केलं, त्यात वेग सगळ्यांचा सारखा, नियम एकच, की आसपासच्यांच्या दिशेची सरासरी काढ आणि तिकडे वळ, वळताना थोडी चूक होणार हे धरून. ती चूक कमी करत नेली किंवा गर्दी वाढवत नेली की एका टप्प्याला सैरावैरा चाललेले ठिपके सगळे एका दिशेला चालायला लागतात. पाणी गार होत होत ज्या टप्प्याला बर्फ होतं तसंच काहीसं, आणि म्हणूनच भौतिकशास्त्रवाले लोक या विषयात एवढ्या संख्येनं शिरले.

मी कॉलेजात असताना हे रेनॉल्ड्सचं मॉडेल पहिल्यांदा चालवलं तेव्हा आनंदानं सरांना दाखवायला गेलो होतो, की बघा सर, हुबेहूब थवा! सरांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "दुसऱ्या कुठल्या नियमांनी पण असंच दिसेल?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो प्रश्न आजपर्यंत माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तो तुम्हाला भेटेल, कारण थवा थव्यासारखा दिसला म्हणजे नियम बरोबर, असं होत नाही.

याचं सगळ्यात छान उदाहरण रोममधलं आहे. रोमला हिवाळ्यात लाखो स्टार्लिंग संध्याकाळी रातथाऱ्याला येतात, आपल्या भोरडीची ती सख्खी नात्यातली जात. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी, आंद्रेआ कावान्या, इरेने जार्दिना आणि ज्यांना पुढं 2021 चं नोबेल मिळालं ते जॉर्जो पारिसी, या मंडळींनी टर्मिनी स्टेशनजवळच्या एका म्युझियमच्या गच्चीवर कॅमेरे लावले, एकाच क्षणी वेगवेगळ्या जागेवरून फोटो घेतले आणि हजारो पक्ष्यांच्या जागा त्रिमितीत काढल्या. तोपर्यंत बहुतेक मॉडेलांमध्ये धरलेलं असायचं की पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्या शेजाऱ्यांकडे बघतो, समजा दोन मीटरच्या आत जेवढे असतील तेवढ्यांकडे. 2008 मध्ये डेटातून निघालं ते वेगळंच. पक्षी अंतर बघत नाही, तो साधारण सर्वात जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांना धरून राहतो, मग ते हाताएवढ्या अंतरावर असोत की त्याच्या कितीतरी पट लांब. आता हा फरक बारीक वाटेल पण ससाणा थव्यात घुसला की थवा एकदम विरळ होतो, अशावेळी अंतराचा नियम असता तर कडेच्या पक्ष्यांना जवळ कुणीच उरलं नसतं आणि ते तुटून एकटे पडले असते, एकटा पडला की मेला. सहा-सात जणांचा नियम असला की थवा ताणला जातो पण तुटत नाही. तुमची गोफण फिरल्यावर तुम्ही जे बघता ते हेच.

आणि "एकदम" कळत नाही बरं का. वळणं थोड्या पक्ष्यांपासून सुरू होतं आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं, फक्त ते जातं सेकंदाला 20 ते 40 मीटर या वेगानं, त्यामुळं आपल्या डोळ्याला ते एकदम वाटतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, लाट दिसेल.

प्रश्न : ओट्यावर मुंग्यांची रांग साखरेच्या डब्यापर्यंत अगदी जवळच्या रस्त्यानं जाते. ओल्या फडक्यानं पुसलं की गोंधळतात आणि थोड्या वेळात परत तीच रांग. जवळचा रस्ता कोणता हे शोधतं कोण? (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : फडक्यानं पुसलं की गोंधळतात, हे तुम्ही बघितलंत तिथंच निम्मं उत्तर आहे. तुम्ही रस्ताच पुसलात. मुंगी चालताना वास सोडत जाते, मागची मुंगी त्या वासावर चालते आणि स्वतःचा वास त्यात टाकते.

ब्रसेल्सच्या विद्यापीठात जाँ-लुई देनेबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989-90 च्या सुमारास एक प्रयोग केला जो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. वारूळ एका बाजूला, खाणं दुसऱ्या बाजूला, मध्ये पूल, आणि पुलाला दोन फाटे. मुंग्या अर्जेंटिनाच्या जातीच्या. दोन्ही फाटे सारख्या लांबीचे ठेवले तेव्हा सुरुवातीला मुंग्या अर्ध्या अर्ध्या वाटल्या गेल्या आणि मग काही वेळानं जवळजवळ सगळ्या एकाच फाट्यावर! कुठला फाटा ते नशिबावर, कधी हा कधी तो. याचं त्यांनी सूत्र मांडलं आणि ते आपण ओट्यापाशी उभं राहून तोंडी करू शकतो. एका फाट्यावरून आजवर किती मुंग्या गेल्या तो आकडा घ्या, त्यात 20 मिळवा, वर्ग करा. दुसऱ्याचंही तसंच करा. नवी मुंगी त्या प्रमाणात फाटा निवडते. समजा डावीकडून योगायोगानं 10 जणी जास्त गेल्या, उजवीकडून शून्य, तर डावीकडचे 30 चा वर्ग 900 आणि उजवीकडचे 20 चा वर्ग 400, म्हणजे पुढची मुंगी डावीकडे जायची शक्यता शेकडा 69. डावीकडून 40 जणी गेल्या की हीच शक्यता शेकडा 90. एवढाश्या फरकाचा बघता बघता हमरस्ता होतो.

आता एक फाटा दुप्पट लांब करा. यातली कुठलीच मुंगी दोन रस्त्यांची अंतरं मोजून बघत नाही, पण आखूड फाट्यानं गेलेली आधी परत येते, म्हणजे त्या फाट्यावर वास आधी दुहेरी होतो, म्हणजे पुढच्या जास्त जणी तिकडे वळतात. अंतर मोजण्याचं काम येण्याजाण्याच्या वेळेनंच केलं. याच कल्पनेवरून मार्को दोरिगो यांनी 1992 च्या पीएचडीत कॉम्प्युटरसाठी पद्धत बनवली, अनेक ठिकाणी जाऊन यायचं असेल तर कमीत कमी अंतराचा मार्ग काढायला ती पद्धत आजही वापरतात.

पण इथंही सगळं गोड नाही. आधी लांबचाच रस्ता दिला आणि अर्ध्या तासानं आखूड रस्ता उघडला तर या मुंग्या लांबच्याच रस्त्यानं जात राहतात. वास एवढा साचलेला असतो की नवीन रस्त्याला संधीच मिळत नाही. म्हणजे "मुंग्या नेहमी सर्वात जवळचा रस्ता शोधतात" हे जे वाक्य सगळीकडे फिरतं ते अर्धंच खरं आहे. आणि सगळ्याच जाती वासाच्या रांगेवर चालत नाहीत, आपल्याकडची डायकामा नावाची काळी मुंगी घर बदलताना एकेका मैत्रिणीला मागे घेऊन, तिचा स्पर्श होतोय ना याची खात्री करत नव्या घरी पोचवते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुमना अण्णागिरी यांचा गट यावरच काम करतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या टाकीखाली आग्या मोहोळ येतं, काही महिन्यांनी जातं आणि पुढच्या वर्षी नेमकं तिथंच परत. शिवाय गेल्या वर्षी बागेत आंब्याच्या फांदीवर सातेरी माश्यांचा झुबका लटकला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी बघता बघता सगळ्या उडून गेल्या. राणीच ठरवते ना हे सगळं? (सोसायटीचे सेक्रेटरी, नाशिक)

उत्तर : पहिल्या भागाचं थोडक्यात. आग्या माश्या हंगामाप्रमाणे स्थलांतर करतात, आणि 2000 साली आसाममधल्या आग्या मोहोळांचं डीएनए तपासून सिद्ध झालं की तीच वसाहत परतून त्याच जागी येऊ शकते. तेव्हा तुमच्या टाकीखाली येणारं मोहोळ तेच असणं अगदी शक्य आहे. कृपा करून ते जाळू नका. ते आपणहून जातं हे तुम्हीच बघितलंय.

आता राणी. नाही, राणी ठरवत नाही. तिच्याशिवाय झुंड जात नाही हे खरं, राणी सोबत नाही असं लक्षात आलं तर उडालेली झुंड परत फिरते, पण कुठं जायचं यात राणीचं मत कुणी विचारत नाही. हे ज्यांनी पहिल्यांदा पकडलं ते मार्टिन लिंडाउअर, 1949, जर्मनीतलं म्युनिक. युद्धात बाँब पडून शहर उद्ध्वस्त झालेलं. लटकलेल्या झुबक्यावर काही माश्या नाचताना दिसल्या, आणि मोहोळात खाण्याची दिशा सांगायला माश्या नाचतात हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांमुळे कळलेलंच होतं. पण या माश्यांच्या अंगावर परागकण नव्हते, कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या भुकटीनं लाल. लिंडाउअर यांच्या लक्षात आलं की या फुलांवरून आलेल्या नाहीत, धुराडी आणि पडक्या भिंतींमधली भोकं बघून आल्यात, घर शोधतायत!

पुढचं काम अमेरिकेचे थॉमस सीली यांनी केलं आणि तेही अशा बेटावर जाऊन जिथं मधमाशीला राहण्याजोगं मोठं झाडच जवळपास नव्हतं, मेन राज्याजवळचं ॲपलडोर बेट. म्हणजे माश्यांना घर म्हणून तुम्ही ठेवाल त्याच पेट्या. एक 40 लिटरची, जी या माश्यांना आवडते, आणि बाकीच्या चार 15 लिटरच्या. 5 पैकी 4 वेळा झुंडीनं मोठी पेटी निवडली. दहा हजारांच्या झुंडीत जेमतेम काहीशे माश्या टेहळणीला जातात. घर जितकं चांगलं तितका नाच जास्त वेळ. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की प्रत्येक माशी परत परत तीच जागा बघून येते आणि दर खेपेला तिचा नाच कमी होत जातो, शेवटी बंद पडतो. वाईट जागेचा नाच मुळात छोटा, तो लवकर संपतो, चांगल्या जागेचा टिकतो आणि तेवढ्यात नव्या माश्यांना तिकडे पाठवतो. कुणी हट्टाला पेटत नाही, जुनं मत विझत जातं आणि नव्या माश्या स्वतः जागा बघूनच नाचतात. ऐकीव माहितीवर नाचणं नाही.

मग ठरलं हे कधी ठरतं? सगळ्या एकाच जागेसाठी नाचायला लागल्या की, असं आधी वाटायचं. तसं नाहीये. नव्या जागेपाशी साधारण 20-30 माश्या एका वेळी हजर दिसल्या की झालं. सोसायटीच्या सभेचा कोरम भरावा तसं, फक्त इथं कोरम सभेत मोजत नाहीत, जागेवर जाऊन मोजतात. मग त्या माश्या परत येऊन झुबक्यात शिरून बारीक शिट्टीसारखा आवाज काढत फिरतात, बाकीच्या माश्या उडायचे स्नायू तापवतात, 35 अंशांपर्यंत, आणि मग तुम्ही बघितलंत ते होतं.

मॉडेल करणाऱ्यांना इथं एक अडचण आली होती. दोन जागा अगदी सारख्याच चांगल्या असतील तर गणितात झुंड अडकून बसते, निम्म्या इकडे निम्म्या तिकडे, निकालच नाही. खऱ्या झुंडी तर अडकत नाहीत. मग मॉडेलात काहीतरी राहिलंय. ते 2012 मध्ये सापडलं, एका जागेच्या माश्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्यानं ढुशी देतात आणि छोटासा आवाज करतात, अशा ढुश्या बसत गेल्या की ती नाच थांबवते. हे समीकरणात घातलं आणि कोंडी फुटली. गंमत बघा, आपल्या मेंदूतल्या पेशींचे गट निर्णय घेताना एकमेकांना असंच दाबतात असं मेंदूची मॉडेलं सांगतात, समीकरणांचा साचा जवळपास तोच.

आणि उडाल्यावर? रस्ता माहीत असलेल्या माश्या शेकडा पाचपेक्षाही कमी. त्या झुंडीच्या वरच्या भागातून बाणासारख्या पुढे जातात आणि बाकीच्या त्यांच्या मागे ओढल्या जातात. प्राण्यांच्या समूहांचा अभ्यास करणारे इयान कझिन यांच्या गटानं 2005 मध्ये मॉडेलमधून हेच दाखवलं होतं की समूह जितका मोठा तितके माहीतगार टक्केवारीनं कमी लागतात, आणि माहीतगार कोण हे बाकीच्यांना ओळखता आलं नाही तरी चालतं.

प्रश्न : वानरांची टोळी आमच्या फणसाच्या बागेत कधी येणार हे हुप्प्याच ठरवतो असं आमच्याकडे म्हणतात. खरं का? (बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपल्या वानरांबद्दल नाही पण आफ्रिकेतल्या बबून माकडांबद्दल नेमकं हेच तपासलंय, तेव्हा तेवढ्यापुरतं सांगतो. केनियातल्या म्पाला इथं एका टोळीतल्या 25 माकडांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घातले, दर सेकंदाला एक नोंद, आणि कोण निघालं, कोण मागं गेलं, कोण निघून परत आलं हे सगळं मोजलं. आरियाना स्ट्रँडबर्ग-पेश्किन आणि सहकाऱ्यांचं हे काम 2015 मध्ये आलं. सगळ्यात दांडगा नर पुढं निघाला म्हणून बाकीचे जास्त मागं गेले असं दिसलं नाही. दोन बाजूंना दोन जण निघाले तर बाकीचे काय करतात? दोन दिशांमधला कोन साधारण 90 अंशांपेक्षा कमी असेल तर मधल्या दिशेनं जातात, कोन जास्त असेल तर एक बाजू पकडतात, बहुतेकदा ज्या बाजूला जास्त जण आहेत ती. विशेष म्हणजे साध्या ठिपक्यांच्या मॉडेलांनी हे आधीच सांगितलं होतं, अशा गुंतागुंतीच्या नात्यागोत्याच्या प्राण्यांना ते लागू पडेल अशी मात्र फारशी अपेक्षा नव्हती.

हुप्प्या भांडणात पुढं असतो, दात विचकतो, उड्या मारतो, म्हणून आपल्याला तोच ठरवतोय असं वाटतं. पुढच्या वेळी टोळी बागेतून निघेल तेव्हा सगळ्यात आधी कोण उठलं आणि त्याच्यामागे किती गेले हे दहा वेळा लिहून काढा, तुमच्या अंगणातलं उत्तर तुम्हालाच मिळेल.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. कुत्रं शिकवलेलं नसलं तरी मेंढरामागं डावीउजवीकडे पळत राहतं, का? (नगर जिल्हा)

उत्तर : छान प्रश्न आणि याचं मॉडेल आहे, 2014 चं, ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या आणि कुत्र्याच्या अंगावर जीपीएस लावून केलेल्या नोंदींशी ताडून बघितलेलं. त्यात कुत्र्याला दोनच कामं दिलीत, कळपापासून फुटलेली मेंढी दिसली तर तिच्या पलीकडे जाऊन तिला आत ढकल, आणि सगळ्या गोळा असतील तर मागं राहून पुढं हाक. या दोन नियमांतून ते डावीउजवीकडे पळणं आपोआप निघतं, ते वेगळं शिकवावं लागत नाही. आणि मेंढरं गोळा का होतात तर प्रत्येकीला मध्यभागी घुसायचं असतं, कडेची आधी सापडते ना. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी 1971 मध्ये हा विचार मांडला होता आणि पुढं जीपीएसनं मेंढ्यांमध्ये तो खरा दिसला. तुमच्या पिढ्यांना हे माहीतच आहे, फक्त आकड्यात आता आलं.

प्रश्न : 2020 च्या मे महिन्यात आमच्याकडे टोळधाड आली, डबे बडवून बडवून हैराण झालो. एरवी एकटा फिरणारा नाकतोडा असा टोळीत का शिरतो आणि सगळे एका दिशेला कसे जातात? (संत्रा बागायतदार, अमरावती जिल्हा)

उत्तर : वाळवंटी टोळ एरवी खरंच एकटा असतो, दुसऱ्याला टाळतो. पाऊस झाला की संख्या वाढते, मग हिरवळ आटली की उरलेल्या हिरव्या तुकड्यावर सगळे दाटीनं येतात, मागच्या पायांना एकमेकांचा स्पर्श होत राहतो, शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि काही तासांत तोच कीटक इतरांकडे ओढला जायला लागतो.

दिशेचं मात्र मला जास्त सांगायचंय. 2006 मध्ये टोळांच्या बिनपंखी पिल्लांना गोल रिंगणात सोडलं. थोडी असताना सैरावैरा, संख्या वाढवली की रिंगणात सगळी एका दिशेनं फेऱ्या मारायला लागली, तासन् तास. वर सांगितलेल्या विचेक यांच्या मॉडेलात जे दिसतं ते डोळ्यासमोर घडलं आणि सगळ्यांनी मानलं, मीही अनेक व्याख्यानांत ठामपणे सांगितलं, की टोळ शेजाऱ्यांच्या दिशेची सरासरी काढतो. 2025 मध्ये कझिन यांच्याच गटानं, आणि 2006 च्या प्रयोगात कझिन स्वतः होते, हे मोडून काढलं. टोळाला व्हर्च्युअल रिॲलिटीत, म्हणजे कॉम्प्युटरनं उभ्या केलेल्या आभासी जगात ठेवलं, दोन्ही बाजूंना टोळांचे दोन घोळके एकाच दिशेनं चाललेले दाखवले. सरासरीचा नियम खरा असता तर मधला टोळ त्यांच्याबरोबर समांतर सरळ चालला असता. तो सरळ चालला नाही, दोन्हीपैकी एका घोळक्याकडे वळला. म्हणजे तो दिशा जुळवत नाही, समोर दिसणाऱ्या दुसऱ्या टोळाला लक्ष्य धरून त्याच्याकडे जातो, आणि सगळे असं करतात म्हणून बाहेरून सरासरीसारखं दिसतं. आमच्या सरांचा तोच प्रश्न. स्वतःचंच गाजलेलं उत्तर असं स्वतः परत उघडून बघायला मोठं मन लागतं, मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

असंच आपल्याकडे पण झालंय. गोव्याच्या आणि मालवणच्या लोकांना कालुंदर मासा माहीत असेल, केरळात त्याला करीमीन म्हणतात. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत विश्वेश गुत्तल यांच्या गटानं त्याचे छोटे घोळके टाकीत बघितले आणि 2020 मध्ये दाखवलं की मासा अनेकांची सरासरी काढतोच असं नाही, एका वेळी कुठल्याही एका माशाची नक्कल केली तरी पुरतं, आणि घोळका जितका लहान तितका तो जास्त एका दिशेनं चालतो. संख्या लहान म्हणून योगायोगाचा वाटा मोठा, आणि तो योगायोगच इथं शिस्त आणतो. इतकी वर्षं सगळे त्याला गोंगाट, म्हणजे आकड्यांतली निरर्थक गडबड समजून बाजूला काढत होते.

प्रश्न : बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोडिंग थोडंच येतं, मला असं मॉडेल करायचंय. सुरुवात कुठून करू? (लातूर)

उत्तर : नेटलोगो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्या लायब्ररीत थव्याचं आणि मुंग्यांचं मॉडेल तयारच मिळतं. एक दिवस नुसते आकडे बदलून खेळ. दुसऱ्या दिवशी एक नियम काढून टाक आणि काय मोडतं ते बघ, न मोडलं तर जास्त विचार कर.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट ऐक. 1996 मध्ये अल्बेट्रॉस नावाच्या समुद्रपक्ष्याबद्दल एक शोधनिबंध आला. पक्ष्याच्या पायाला यंत्र बांधलं होतं, पाय ओला आहे की कोरडा एवढंच ते नोंदवायचं, कोरडा म्हणजे पक्षी उडतोय. त्यावरून निघालं की पक्षी भक्ष्य शोधताना खूप छोट्या उड्या आणि मधूनच एखादी प्रचंड लांब उडी घेतो, गणितात याला लेव्ही फ्लाइट म्हणतात, आणि त्यावर मग दहा वर्षं हरणापासून माणसापर्यंत सगळीकडे लेव्ही फ्लाइट सापडत गेल्या. 2007 मध्ये कळलं की त्या सगळ्यात लांब "उड्यां"च्या वेळी पक्षी घरट्यावर बसलेला होता! पाय कोरडे, एवढंच. ही दुरुस्ती ज्यांनी छापली त्यांच्यात पहिल्या निबंधाचे काही लेखकही होते. पुढं 2012 मध्ये चांगल्या डेटात काही अल्बेट्रॉसच्या बाबतीत ते गणित पुन्हा दिसलं, पण यावेळी तपासून.

तेव्हा तू आधी प्राणी बघ. तुझ्या घरामागं मुंग्या आहेतच. पुठ्ठ्याचा दोन फाट्यांचा पूल कर, एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट, पलीकडे गुळाचं पाणी ठेव, वर मोबाइल बांध आणि दर मिनिटाला कुठल्या फाट्यावर किती मुंग्या आहेत ते मोज, निदान तासभर. दर वेळी नवा पुठ्ठा घे नाहीतर जुना वास राहतो. असं दहा वेळा कर, आणि पहिल्या वेळेआधी वहीत तारीख टाकून लिहून ठेव की वर सांगितलेलं 20 मिळवून वर्ग करायचं सूत्र तुझ्या मुंग्यांना लागू पडत नाही असं तू कुठल्या आकड्यांवर म्हणशील. आकडे आले की वहीच्या त्या पानाच्या फोटोसकट मला पाठव, पुढच्या अंकात आपण ते सगळ्यांसमोर मांडून तपासू.